देवाचे शहाणपण आणि जगाचे शहाणपण : आयर्लंडचा एक दाखला

शेलोमो राजाचे ‘मिशले’ ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की, त्या पुस्तकात शहाणपणाची थोरवी पानोपानी सांगितली आहे. त्याच पुस्तकात स्वतःच्या अकलेवर भिस्त ठेवू नये असा इशाराही आहे. शहाणपण मिळव म्हणावयाचे आणि मग त्यावर टेकू नको म्हणावयाचे, हे कसे? आपल्यातील जाणती मंडळी ह्याचे उत्तर असे देत की, शहाणपण दोन तऱ्हांचे असते. एक परमेश्वराचे भय धरून येते व दुसरे जगाच्या बाजारातून येते. ख्रिस्ती लोकांतही हाच भेद सांगतात. त्यांच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ह्यावर एक उताराच आहे.

हे उत्तर ऐकावयास सोपे आहे. अडचण व्यवहारात येते. जगाचे शहाणपण “मी जगाचे” असे सांगत दारी येत नाही. पुष्कळदा ते हाती धर्मपुस्तक घेऊन, तोंडाने परमेश्वराचे नाव घेतच येते. मग त्याला ओळखावे कसे? ह्या प्रश्नाचा विचार करताना आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाचा इतिहास मला फार उपयोगी वाटतो, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगतो.

आयर्लंड हा देश आपल्या वाचकांना अगदीच परका नाही. रब्बी यित्सहाक हालेवी हर्झोग हे प्रथम बेलफास्ट व नंतर डब्लिन येथे रब्बी होते. तेथूनच १९३६ साली त्यांची निवड एरेत्स इस्राएलच्या मुख्य रब्बीपदी झाली. १९८३ ते १९९३ ह्या काळात इस्राएलचे राष्ट्रपती असलेले त्यांचे चिरंजीव हाईम हर्झोग ह्यांचा जन्म १९१८ साली बेलफास्टमध्ये झाला व बालपण डब्लिनला गेले. त्यांचेच चिरंजीव यित्सहाक २०२१ साली राष्ट्रपती झाले. परंतु आपली गोष्ट ह्या घराण्याच्या पुष्कळ आधीची आहे.

१८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर एक रोग पडला. पुढच्या वर्षी जवळजवळ सारे पीक शेतातच कुजले. बटाटा गेला म्हणजे भाजी गेली असे आपल्याला वाटेल, पण तेथील गरिबाचे अन्नच बटाटा होते. शेतावर राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, त्याबरोबर मिळाले तर ताक, आणि बहुधा दुसरे काहीच नाही. आपल्या कोकणात एकाच साली भात आणि नाचणी दोन्ही काळी पडली असती आणि समुद्रातली मासळीही मिळाली नसती, तर जी गत झाली असती ती तेथे झाली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, ती १८५१ साली ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली.

देशावर राज्य इंग्रजांचे होते. मदतीच्या कामाची दोरी लंडनच्या खजिन्यातील एका अधिकाऱ्याच्या हाती होती. त्याचे नाव चार्ल्स ट्रेव्हेलियन. हा गृहस्थ आपल्या हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या नोकरीत बारा वर्षे काढून आलेला होता, आणि पुढे १८५९ साली मद्रासचा गव्हर्नरही झाला. तो आळशी नव्हता, लाचखाऊ नव्हता. रात्रंदिवस काम करी. धार्मिक वृत्तीचाही होता. त्याचे म्हणणे असे की, धान्याचा प्रश्न बाजार सोडवील, सरकारने त्यात हात घातला तर व्यापारी बिथरतील, फुकट अन्न दिले तर लोक काम सोडतील. इतके म्हणून तो थांबला असता तर तो त्या काळच्या अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी ठरला असता. पण त्याने आणखी एक पायरी चढून म्हटले की, ह्या दुष्काळात परमेश्वराचाच हात आहे. आयरिश समाजाची जुनी व्यंगे दुरुस्त करण्यासाठी त्याने ही आपत्ती धाडली आहे, तेव्हा माणसाने फार मध्ये पडू नये.

१८४६ च्या अखेरीस ओट धान्याची गलबते आयर्लंडहून इंग्लंडला जातच होती. उपाशी माणसांना खडी फोडण्यास व रस्ते करण्यास लावले. त्यातले कित्येक रस्ते कोठेच जात नव्हते. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून अधिक माणसे अशा कामांवर होती आणि कामावरच कोसळून मरत होती. तेव्हा सरकारने हिशेब बदलला आणि सूप वाटण्याचा कायदा केला. जुलै १८४७ मध्ये दररोज तीस लाखांवर लोकांना शिजलेले अन्न मिळू लागले. म्हणजे मनात आणले तर जमत होते. पण शरद ऋतू येताच ही अन्नछत्रे बंद केली. पुढे मदत हवी असेल तर बहुतेकांना सरकारी अनाथगृहाची पायरी चढावी लागे. आणि ज्याच्याजवळ पाव एकराहून अधिक जमीन आहे त्याने ती सोडल्याखेरीज त्याला मदत नाही, असे कलम कायद्यात घातले गेले. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पोटाला हवे असेल तर वाडवडिलांची जमीन सोड! हिशेब बिनचूक होता. मदतीचा खर्च कमी झाला आणि जमीनदारांच्या जमिनी मोकळ्या झाल्या.

हे सरकारचे झाले. धर्माच्या नावाने सूप वाटणाऱ्यांची गोष्ट ह्याहून अवघड आहे. सामान्य आयरिश माणूस कॅथलिक होता. जमीनदार व राज्याने मान्य केलेले चर्च बहुतांशी प्रॉटेस्टंट होते. दुष्काळाच्या आधीपासूनच पश्चिम किनाऱ्यावरील ॲकिल बेटावर एडवर्ड नँगल नावाच्या पाद्र्याने प्रॉटेस्टंट मिशनची वसाहत बसविली होती. तेथे शाळा, छापखाना, दवाखाना असे सर्व होते. १८४९ साली अलेक्झांडर डॅलस ह्यांनी आणखी एक मिशनरी संस्था काढली व कोनेमारा भागात शाळा सुरू केल्या. ह्या शाळांत मुलांना खाणे मिळे आणि बायबलचा धडाही मिळे. जो हा धडा घेई, चर्च बदली, त्याला शेजारीपाजारी ‘सूपर’ म्हणू लागले, म्हणजे सूपासाठी धर्म देणारा. लोक असेही सांगत की, कोठे कोठे मुद्दाम शुक्रवारी मांसाचे सूप ठेवीत. त्या काळी कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य होते. ज्यांच्या घरी मांसाची व दुधाची भांडी वेगळी असतात त्यांना ह्यातला डंख समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे इतिहासकारांनी शोध घेतला तेव्हा असे दिसले की, लोकांच्या आठवणीत आहे तेवढा हा प्रकार सर्वत्र नव्हता. पुष्कळ प्रॉटेस्टंट पाद्र्यांनी कसलीही अट न घालता कॅथलिक शेजाऱ्यांना जेवू घातले आणि कित्येक जण त्या कामात ताप लागून मेले. त्यांचीही नावे त्या एका ‘सूपर’ शब्दाखाली गाडली गेली.

तरी अट घालणारे होतेच, आणि त्यांचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय त्यांना दोष देणे बरे नव्हे. ते मनाने दुष्ट नव्हते. त्यांचा हिशेब असा की, शरीर चार दिवसांचे व आत्मा अनंतकाळचा, तेव्हा भाकरीच्या निमित्ताने आत्मा वाचत असेल तर निमित्त कोण नाकारील? श्रद्धाळू माणसाला ह्या युक्तिवादाला तोड सापडणे कठीण आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की, उपाशी माणसाचा होकार हा खरोखरच होकार असतो. तो तसा नसतो. ज्याचे मूल मरणाच्या दारी आहे तो कोणत्याही कागदावर अंगठा उठवील. आपले राम्बाम ह्यांच्या काळी उत्तर आफ्रिकेत यहुद्यांना बळाने धर्म सोडावा लागला होता. तेव्हा अशा लोकांवर कठोर ठपका ठेवणाऱ्याच्या विरुद्ध राम्बाम ह्यांनी पत्र लिहिले. घेणाऱ्याकडे त्यांनी दयेने पाहिले, कारण सक्ती कोणाची होती हे त्यांना दिसत होते. आयर्लंडमध्ये मात्र ‘सूपर’ हा डाग पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्याच्याच घराण्याला चिकटून राहिला. देणाऱ्याने किंमत लावली आणि बदनामी घेणाऱ्याची झाली. जगाचा न्याय बहुधा असाच असतो.

आता त्याच काळातील दुसरी मंडळी पाहा. क्वेकर नावाचा एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे. साऱ्या आयर्लंडमध्ये ते तेव्हा अवघे तीन हजारांच्या आसपास होते. नोव्हेंबर १८४६ मध्ये त्यांनी डब्लिनला मदत समिती स्थापन केली. जोसेफ ब्यूली आणि जोनाथन पिम हे तिचे चिटणीस, दोघेही व्यापारी. इंग्लंड व अमेरिकेतील क्वेकरांकडून आणि इतरांकडून त्यांनी पैसा व धान्य मिळून सुमारे दोन लाख पौंडांची मदत जमविली. गुळाच्या काहिलींसारखी मोठमोठी लोखंडी भांडी त्यांनी गावोगाव पाठविली. त्यांतून जो येईल त्याला वाढावयाचे. तू कोणत्या चर्चचा हे विचारावयाचे नाही. लोक आपल्या पंथात यावेत अशी त्यांची खटपट नव्हती, आणि दुष्काळ संपल्यावर त्यांची संख्या काही वाढली नाही.

ह्यावरून कोणी म्हणेल की देवाचे शहाणपण म्हणजे डोळे मिटून वाटत सुटणे. हे क्वेकर तसे नव्हते. त्यांनी आपली माणसे पश्चिमेच्या खेड्यांत पाठवून स्वतः पाहणी केली. सलगमाचे बी वाटले, म्हणजे पुढच्या वर्षी बटाट्याशिवाय काही तरी पिकेल. कोळ्यांची गहाण पडलेली जाळी सोडवून दिली. पैशाचा हिशेब ठेवून १८५२ साली तो छापून प्रसिद्ध केला. १८४९ साली सरकारने पुन्हा काम हाती घ्या म्हटले तेव्हा त्यांनी नकार दिला आणि स्पष्ट सांगितले की, हे काम खासगी दानाच्या आवाक्यातले राहिलेले नाही, ते सरकारचे आहे, आणि जमिनीची व्यवस्था बदलल्याशिवाय भागणार नाही. व्यापाऱ्याची सारी अक्कल त्यांनी वापरली. फक्त तिला मालकीण केले नाही, मोलकरीण म्हणून ठेवली. १८५१ साली ब्यूली वारले, तेव्हा ह्याच श्रमांनी ते खचले असे त्यांच्या माणसांना वाटले. आयर्लंडमध्ये क्वेकरांचे नाव निघाले की आजही वृद्ध मंडळी प्रथम दुष्काळातल्या त्या अन्नाचीच आठवण काढतात.

आपल्या यहुदी बांधवांचाही ह्यात हात होता. १ जानेवारी १८४७ रोजी लंडनला लायोनेल द रोथशिल्ड ह्यांच्या पेढीत बसून मोठा मदतनिधी सुरू झाला. त्या निधीचा आयर्लंडमधील प्रतिनिधी स्ट्रझेलेत्स्की नावाचा एक पोलिश गृहस्थ होता. त्याने शाळांतून लाखो मुलांना रोजची भाकरी दिली, मुलाचा पंथ न पाहता, आणि स्वतः मेहनताना घेतला नाही. कलकत्त्याहूनही वर्गणी गेली. मार्च १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या शेआरीत इस्राएल सिनेगॉगमध्ये आयर्लंडसाठी सभा भरली. तेथील हजान लायन्स ह्यांनी भाषणात प्रथम लोकांच्या मनातली शंकाच बोलून दाखविली : आपल्यातच पुष्कळ गरीब आहेत, आणि ते लोक तर आपल्या धर्माचेही नाहीत, मग आपण का द्यावे? त्यांनी उत्तर दिले की, त्यांच्या-आपल्यात दुवा एकच आहे, माणुसकीचा, आणि तेवढा पुरे. शंका दडपून न टाकता ती उघड मांडून मग वर्गणी मागणारा हा हजान मला फार आवडतो.

हे त्यांनी नवे काही सांगितले नाही. आपल्या हाखामांनी ठरविले आहे की, इस्राएलच्या गरिबांबरोबर परक्या जातीच्या गरिबांनाही जेवू घालावे. राम्बाम ह्यांनी गरिबांच्या दानाविषयी नियम लिहिले आहेत, त्यांत एक बारकावा आहे. अनोळखी माणूस येऊन म्हणाला की मला वस्त्र द्या, तर तो लबाड तर नाही ना ह्याची चौकशी करावी. पण तो म्हणाला की मला भूक लागली आहे, तर चौकशी करू नये, ताबडतोब वाढावे. जगाच्या शहाणपणाला चौकशीची जागा दिली आहे, पण ती वस्त्राच्या दुकानात. ताटापाशी तिला येऊ दिलेले नाही.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. मुंबईत आणि कोकणात मिशनरी आले तेव्हा त्यांनी आपल्या वाडवडिलांसाठी शाळा काढल्या. १८२९ साली आलेल्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. आपल्या मुलांनी ते शिक्षण घेतले. मिशनऱ्यांचा हेतू काय होता हे सर्वांना माहीत होते. तरी फारच थोडे बेने इस्राएल ख्रिस्ती झाले. उलट ते हिब्रू शिकले आणि आपल्याच प्रार्थना समजून म्हणू लागले. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली स्वतःची शाळा काढली. ह्या गोष्टीचा आपण सभांतून अभिमान सांगतो, आणि तो योग्यच आहे. पण एक फरक विसरून चालणार नाही. शाळेत न गेल्याने मूल मरत नव्हते. आपल्या लोकांजवळ तेलाचे घाणे होते, थोडी शेती होती, पलटणीतल्या नोकऱ्या होत्या. ॲकिलच्या बापापुढे जो प्रश्न होता तो परमेश्वराच्या कृपेने आपल्या वाडवडिलांपुढे कोणी टाकलाच नाही. म्हणून ‘सूपर’ लोकांविषयी नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

मात्र मागणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या मार्गाने कळले आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने सूचना काढली की, बेने इस्राएल माणसाचा बाहेरच्याशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या आईच्या बाजूच्या पूर्वजांची, जितक्या मागे जाता येईल तितकी, चौकशी करावी. लग्न हे काही सूप नव्हे. पण आपलाच म्हणून ज्या घरी आलो तेथे दारातच दाखला मागितला जावा, ह्याने माणसे किती पोळली हे त्या पिढीला विचारावे. जेरुसलेमला निदर्शने झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. सूचना काढणारेही परमेश्वराच्या नावानेच बोलत होते, व आपण तोराचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणून तर हे ओळखणे अवघड.

आयर्लंडकडे पुन्हा एकदा वळतो, कारण ज्याला दोन्ही बाजू कळल्या असा एक माणूस तेथे होऊन गेला. मायकल डेव्हिट १८४६ साली, भर दुष्काळात, मेयो परगण्यात जन्मला. तो चार वर्षांचा असताना भाडे थकले म्हणून त्याच्या घरच्यांना जमिनीवरून हाकलले. अनाथगृहाच्या दाराशी गेल्यावर मुलाला आईपासून वेगळे ठेवावे लागेल असे कळले, तेव्हा आई तशीच माघारी फिरली. पुढे इंग्लंडमध्ये गिरणीत काम करताना अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात यंत्रात गेला. मोठेपणी त्याने शेतकऱ्यांची लँड लीग उभारली. १९०३ साली रशियातील किशिनेव्ह येथे यहुद्यांची कत्तल झाली, तेव्हा हा आयरिश कॅथलिक तेथे जाऊन चौकशी करून आला व त्यावर त्याने पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या देशात, लिमरिक शहरात, फादर क्रे नावाच्या धर्मगुरूने यहुद्यांशी व्यवहार तोडा असा उपदेश केला. तेथे आपली माणसे पावणेदोनशेहून अधिक नव्हती. डेव्हिटने वर्तमानपत्रात लिहून त्या उपदेशाचा उघड निषेध केला. जगाच्या शहाणपणाने पाहिले तर हा शुद्ध तोटा होता. मूठभर यहुद्यांची मते काय कामाची, आणि कॅथलिक देशात धर्मगुरूशी वैर कोणी घ्यावे? शहाण्या माणसाने तोंड मिटून बसावे. बहिष्काराने बरीच कुटुंबे लिमरिक सोडून गेली, म्हणजे डेव्हिटला यशही आले असे म्हणता येत नाही. ते असो.

हे सर्व लिहिण्याचे एक कारण अगदी घरचे आहे. आपल्या लोकांच्या काही मंडळांत आता देण्याजोगा निधी जमला आहे. एके काळी आपण घेणारे होतो, आज देणारे झालो. मदतीच्या छापील अर्जात ‘कोणत्या सिनेगॉगचे सभासद?’, ‘मंडळाची वर्गणी भरली आहे काय?’, ‘कुटुंब कार्यक्रमांना हजर राहते काय?’ असे रकाने असतात. ते घालणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणतो. तरुण कुटुंबे दुरावत आहेत, निदान ह्या निमित्ताने तरी ती येतील, असा त्यांचा विचार आहे. शिष्यवृत्तीसाठी मार्कांची व मिळकतीची चौकशी अवश्य करावी, त्याला कोणाची हरकत नसावी. परंतु ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचा पगार थांबला आहे, जो नुकताच भारतातून आला आहे आणि ज्याला ह्या महिन्याचे भाडे व किराणा भागवावयाचा आहे, त्याच्या अर्जातून हे तिन्ही रकाने काढून टाकावेत अशी माझी सूचना आहे. वृद्धांची सेवा करण्यास भारतातून आलेल्या, आपल्या धर्माच्या नसलेल्या मराठी बायकांपैकी कोणी अडचणीत मदत मागितली, तर तिच्यापुढेही कोरा अर्ज ठेवू नये, आधी तिची गरज भागवावी. ज्या कार्यकारी मंडळांचे मत ह्याहून वेगळे असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवावे.